टॉमस मोरॅन : पश्चिमेचा चित्रकार

प्रास्ताविक

चरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना एक अडचण वारंवार समोर येते. चरित्रनायक जितका प्रसिद्ध, तितक्या त्याच्याभोवती आख्यायिका अधिक. महिपतींच्या संतचरित्रांत आख्यायिका हाच चरित्राचा प्राण असतो आणि त्या परंपरेत ते उचितही आहे. आधुनिक चरित्रकाराला मात्र ती मोकळीक नाही. आख्यायिका कोठे सुरू झाली, ती लोकांना का आवडली आणि तिच्याखाली कोणती घटना दडली आहे, हे त्याला शोधावे लागते. या दृष्टीने अमेरिकन भूदृश्यचित्रकार टॉमस मोरॅन (१८३७–१९२६) यांचे चरित्र अभ्यासण्याजोगे आहे. मोरॅन यांनी यलोस्टोनच्या घळईचे भव्य चित्र काढले, ते पाहून अमेरिकन काँग्रेस भारावली आणि जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान जन्माला आले, अशी कथा सांगितली जाते. कथा सुंदर आहे, परंतु तिच्यातील घटनाक्रम उलटा आहे.

विणकराचा मुलगा

मोरॅन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८३७ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात, बोल्टन या गावी झाला. घराणे हातमागावर विणकाम करणाऱ्यांचे होते. यंत्रमागांनी हातमागाचा धंदा हळूहळू गिळला आणि अनेक विणकर कुटुंबांप्रमाणे हे कुटुंबही १८४४ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ येऊन स्थायिक झाले. टॉमस तेव्हा सात वर्षांचे होते. थोरले बंधू एडवर्ड पुढे सागरचित्रकार म्हणून नावारूपास आले. घरात चित्रकलेचे वातावरण होते, पैसा मात्र नव्हता. त्यामुळे टॉमस यांना विद्यालयीन कलाशिक्षण मिळाले नाही. किशोरवयात ते लाकडी ठशांवर कोरीवकाम करणाऱ्या एका कंपनीत उमेदवार म्हणून लागले.

हा काळ चरित्रकार सहसा दोन ओळींत उरकतात. माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे. छायाचित्र छापण्याचे तंत्र तेव्हा विकसित झालेले नव्हते. मासिकात चित्र द्यायचे तर ते लाकडाच्या ठोकळ्यावर रेखाटून कोरावे लागे. या कामात रंग नसतो. डोंगराचे अंतर, पाण्याचा वेग, ढगाचे वजन हे सारे काळ्या-पांढऱ्या रेषांच्या घनतेतून साधायचे असते. मोरॅन रंगांचे चित्रकार म्हणून ओळखले जातात, पण त्यांच्या चित्रातील रंगाखालचा खडक पक्का बसलेला असतो, त्याचे कारण या उमेदवारीत आहे. शिवाय मासिकांसाठी चित्रे काढणे हा त्यांचा पुढील अनेक वर्षांचा उदरनिर्वाह होता आणि त्यांना पश्चिमेकडे नेणारी संधीही याच धंद्यातून आली.

१८६२ मध्ये एडवर्ड यांच्यासमवेत ते इंग्लंडला गेले. उद्देश एकच होता : टर्नरची मूळ चित्रे पाहणे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत बसून त्यांनी टर्नरच्या चित्रांच्या नकला केल्या. प्रकाश हा वस्तूवर पडणारा घटक नसून चित्राचा विषयच होऊ शकतो, ही टर्नरची शिकवण त्यांनी आत्मसात केली. पुढे अमेरिकन टीकाकारांनी त्यांना टर्नरचे अनुयायी म्हणून कधी गौरविले, कधी हिणविले.

१८६३ मध्ये त्यांचा विवाह मेरी निम्मो यांच्याशी झाला. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या मेरी यांच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

न पाहिलेला प्रदेश

१० मे १८६९ रोजी अमेरिकेचा पूर्व आणि पश्चिम किनारा जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला. पूर्वी महिनोन्‌महिने लागणारा प्रवास दिवसांवर आला. पश्चिमेचे चित्र काढणारे मोरॅन पहिले नव्हेत. अल्बर्ट बिअरस्टाट यांनी १८५९ मध्येच रॉकी पर्वताचा प्रवास केला होता आणि त्यांच्या अवाढव्य पर्वतचित्रांना पूर्वेकडील धनिक प्रचंड किंमत मोजत होते. वर्दिंग्टन व्हिट्रेज यांनी मात्र पर्वतांपेक्षा त्यांच्या पायथ्याशी पसरलेले गवताळ मैदान, म्हणजे प्रेअरी, पसंत केली. प्रेअरीचे चित्र काढणे वाटते तितके सोपे नाही. तिथे उभी रेषा जवळजवळ नसतेच. झाड नदीकाठीच सापडते आणि क्षितिज एखाद्या आडव्या सुतासारखे ताणलेले असते. व्हिट्रेज यांनी प्लाट नदीच्या उताराचे शांत, पसरट चित्र काढले. मोरॅन यांना या सपाटीने कधी बांधून ठेवले नाही. प्रेअरी त्यांनी आगगाडीच्या खिडकीतून ओलांडली. त्यांचे मन रमले ते जमीन जेथे उभी राहते किंवा दुभंगते तेथे.

१८७१ च्या आरंभी स्क्रिब्नर्स मंथली या मासिकाने यलोस्टोन प्रदेशावरील एका लेखासाठी चित्रे तयार करण्याचे काम मोरॅन यांना दिले. लेखक नॅथॅनिएल लँगफर्ड आदल्या वर्षी तेथे जाऊन आले होते. आधाराला एका हौशी हाताची ओबडधोबड रेखाटने तेवढी होती. त्यांवरून, आणि लेखातील वर्णनावरून, मोरॅन यांनी कधीही न पाहिलेली उष्णोदकाची कारंजी, धबधबे आणि घळई रेखाटली. चित्रे छापली गेली, परंतु आपण जे काढले ते खरे आहे काय, हा प्रश्न चित्रकाराला अस्वस्थ करून गेला असावा, कारण त्याच उन्हाळ्यात त्यांनी तेथे जाण्याचा निश्चय केला.

भूशास्त्रज्ञ फर्डिनांड हेडन यांच्या नेतृत्वाखाली यलोस्टोनचे सरकारी सर्वेक्षण निघत होते. काँग्रेसने त्यासाठी चाळीस हजार डॉलर मंजूर केले होते. मोरॅन यांना मात्र त्यातील एक पैही मिळणार नव्हती. ते स्वखर्चाने सामील होणारे पाहुणे होते. पैसा उभा राहिला तो कर्जातून. काही रक्कम मासिकाच्या प्रकाशनसंस्थेकडून आली आणि पाचशे डॉलर जे कूक यांच्याकडून. कूक हे नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचे अर्थपुरवठादार. त्यांचा नियोजित लोहमार्ग यलोस्टोनच्या उत्तरेकडून जाणार होता आणि प्रवासी यावेत म्हणून त्या प्रदेशाची प्रसिद्धी त्यांना हवी होती. ही बाब लक्षात ठेवावी. निसर्गाच्या संरक्षणाची ही कथा आरंभापासून रेल्वेच्या हिशेबवहीतही लिहिली जात होती.

चाळीस दिवस

मोरॅन आगगाडीने वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर या स्थानकापर्यंत आले. तेथील उंच, पट्टेदार कडे पाहून त्यांनी पश्चिमेतील आपले पहिले रेखाटन केले. पुढे घोड्यांच्या टपालगाडीने माँटानात पोहोचून त्यांनी हेडन यांची तुकडी गाठली. या तुकडीत विल्यम हेन्री जॅक्सन हे छायाचित्रकार होते आणि दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली. मोरॅन अतिशय कृश होते. ते यापूर्वी कधी घोड्यावर बसले नव्हते. खोगिरावर उशी ठेवून त्यांनी तो प्रवास केला, ही आठवण जॅक्सन यांनी नोंदवून ठेवली आहे. सुमारे चाळीस दिवस ते डोंगरात राहिले. जुलैच्या अखेरीस यलोस्टोनच्या महाघळईपाशी त्यांनी काही दिवस मुक्काम केला. नदी तेथे तीनशेहून अधिक फूट खाली कोसळते आणि पुढे पिवळ्या, तांबूस, पांढुरक्या कड्यांच्या मधून वाहते. जॅक्सन आपला जड कॅमेरा आणि काचपट्ट्या घेऊन जागा शोधत तेव्हा मोरॅन सोबत असत आणि चौकट कोठून धरावी याबाबत त्यांचे मत घेतले जाई.

मोरॅन यांची कार्यपद्धती भाषेच्या अभ्यासकाला विशेष रोचक वाटेल. ते जागेवर बसून तैलचित्र काढत नसत. पेन्सिलीने बाह्यरेषा काढत, कोठे जलरंगाचा हलका हात फिरवीत आणि उरलेल्या भागात रंगांची नावे शब्दांत लिहून ठेवीत. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला रंग आधी शब्दात साठवला जाई आणि काही महिन्यांनी, दोन हजार मैलांवरील कार्यशाळेत, शब्दातून पुन्हा रंगात उतरे. शब्दाची मर्यादा येथे उघड होते. आपण पिवळा म्हणतो, पण हळदीचा, केशराचा, वाळल्या गवताचा आणि गंधकाचा पिवळा वेगवेगळा असतो. हे अंतर मोरॅन यांना स्मरणाने भरून काढावे लागे आणि स्मरण नेहमीच थोडी भर घालते.

नावाचाच विषय निघाला आहे तर एक गोष्ट नमूद करतो. यलोस्टोन हे नाव घळईच्या पिवळ्या कड्यांवरून पडले, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः हिदात्सा लोकांच्या भाषेतील नदीच्या नावाचा अर्थ पिवळ्या खडकाची नदी असा होता. फ्रेंच शिकाऱ्यांनी त्याचा आपल्या भाषेत अनुवाद केला आणि फ्रेंचमधून ते इंग्रजीत आले. हे नाव बहुधा नदीच्या खालच्या टप्प्यातील, घळईपासून बऱ्याच दूरच्या दरडींवरून पडले असावे. मोरॅन यांच्या चित्रातील झळझळीत पिवळेपणाने मात्र नावाचा हा चुकीचा अर्थ लोकांच्या मनात कायमचा पक्का केला.

चित्र आधी की कायदा आधी?

ऑक्टोबर १८७१ मध्ये जे कूक यांच्या कार्यालयातील एका अधिकाऱ्याने हेडन यांना पत्र लिहून, हा प्रदेश काँग्रेसने सार्वजनिक उद्यान म्हणून राखून ठेवावा अशी शिफारस करण्याचे सुचविले. हेडन यांनी ती कल्पना उचलून धरली. त्या हिवाळ्यात वॉशिंग्टनमध्ये सभासदांसमोर जॅक्सन यांची छायाचित्रे आणि मोरॅन यांची जलरंगातील छोटी चित्रे मांडण्यात आली. छायाचित्रांनी पुरावा दिला, जलरंगांनी रंग दिला. उष्णोदकाची कारंजी आणि रंगीत कुंडे या शिकाऱ्यांच्या थापा आहेत, असे मानणाऱ्यांना दोन्ही मिळून गप्प करता आले. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी विधेयकावर स्वाक्षरी केली.

सात फूट उंच आणि बारा फूट रुंद असे ते प्रसिद्ध तैलचित्र तोवर पूर्ण झालेलेच नव्हते. ते लोकांपुढे आले मे महिन्यात आणि जूनमध्ये काँग्रेसने ते दहा हजार डॉलरना विकत घेतले. तेव्हा मोठ्या चित्राने उद्यान घडविले नाही, छोट्या कागदांनी साहाय्य केले. मोठे चित्र हे त्या निर्णयाचे स्मारक होते. आख्यायिकेने छोटे कागद बाजूला सारून भव्य कॅनव्हास पुढे आणला, कारण भव्य परिणामाला कारणही भव्य असावे, अशी लोकमनाची अपेक्षा असते.

विद्यार्थ्यांनी शक्य झाल्यास या चित्राची प्रतिकृती मिळवून पाहावी. दूरवर धबधबा पांढऱ्या धाग्यासारखा दिसतो. समोरच्या कड्यावर काही इवल्याशा मानवाकृती आहेत व त्यांत एक स्थानिक आदिवासी पुरुषही आहे. असे दृश्य एका ठिकाणी उभे राहून प्रत्यक्ष दिसत नाही. डाव्या-उजव्या बाजूंचे कडे मोरॅन यांनी एकत्र आणले आहेत. हे त्यांनी कधी लपविले नाही. स्थळाची हुबेहूब नक्कल करण्यात आपल्याला रस नाही, मात्र प्रत्येक खडकाचा घाट आणि थर निसर्गाशी इमानी असला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. भूशास्त्रज्ञांना त्यांचे खडक ओळखता येत असत, हे विशेष. घटकांचे सत्य राखायचे आणि रचनेचे स्वातंत्र्य घ्यायचे, ही भूमिका ऐतिहासिक कादंबरीच्या अभ्यासकाला परिचित वाटेल. तिचे गुण आणि धोके दोन्हीकडे सारखेच आहेत.

कोलोरॅडोची दरी आणि हिमाचा क्रूस

१८७३ मध्ये जॉन वेस्ली पॉवेल यांच्या सर्वेक्षणाबरोबर मोरॅन कोलोरॅडो नदीच्या महाघळईकडे गेले. वाटाड्ये पायूट जमातीचे होते. या प्रवासातून निघालेले 'कोलोरॅडोची दरी' हे चित्रही काँग्रेसने दहा हजार डॉलरना घेतले. टीकाकार मात्र बिचकले. चित्रात डोळ्याला विसावा नाही, वादळ आणि विराट पोकळी तेवढी आहे, अशा स्वरूपाच्या तक्रारी झाल्या. माझ्या मते हे मोरॅन यांचे सर्वांत प्रामाणिक चित्र आहे. यलोस्टोनच्या चित्रात प्रेक्षकाला उभे राहायला कडा आहे, सोबतीला माणसे आहेत. येथे प्रेक्षक एकटा आहे. त्याच सप्टेंबरमध्ये जे कूक यांची पेढी बुडाली, देशात आर्थिक मंदी आली आणि नॉर्दर्न पॅसिफिकचे काम अनेक वर्षे रखडले.

पुढच्या वर्षी ते कोलोरॅडोतील एका पर्वताच्या शोधात निघाले. त्याच्या माथ्याखालील घळींत बर्फ साचून प्रचंड क्रूसाचा आकार दिसत असे. जॅक्सन यांनी १८७३ मध्ये त्याचे छायाचित्र घेतले होते. १८७५ मध्ये पूर्ण झालेल्या चित्रात मोरॅन यांनी पुढे खळाळता ओढा आणि मागे धुक्यात तो पर्वत दाखविला. प्रत्यक्षात त्या ओढ्याच्या दरीतून पर्वत दिसत नाही. यात्रेकरूची वाट कठीण असावी आणि शेवटी दर्शन घडावे, असा हा भक्तिपर आराखडा आहे. पुढे या पर्वताला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, पण क्रूसाचा एक बाहू ढासळत गेला आणि १९५० मध्ये तो दर्जा काढून घेण्यात आला.

१८८२ मध्ये क्लॅरेन्स डटन यांच्या महाघळईविषयक भूशास्त्रीय ग्रंथाच्या नकाशासंग्रहासाठीही मोरॅन यांनी चित्र दिले. हे तेच डटन, ज्यांनी घळईतील सुळक्यांना विष्णूचे मंदिर, शिवाचे मंदिर अशी नावे दिली. तेथील अतिप्राचीन खडकालाही आज भूशास्त्रात विष्णूचेच नाव आहे. मराठी वाचकाला हे वाचून कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु होपी, हवासुपाई, पायूट या भाषांत त्या भूमीची स्वतःची नावे होती, हे विसरता येत नाही. नाव देणाऱ्याने दूरच्या देवतांना बोलावले आणि शेजारी राहणाऱ्यांना विचारले नाही.

जे चित्रात नाही

ग्रीन रिव्हरचे कडे मोरॅन यांनी आयुष्यभर पुन्हा पुन्हा रंगविले. सोनेरी कडे, शांत नदी आणि काठाने जाणारे आदिवासी घोडेस्वार, असा त्यांचा ठरलेला नकाशा होता. पण १८७१ मध्ये मोरॅन तेथे आले ते रेल्वेनेच. तेथे लोहमार्गाचा पूल होता, वस्ती होती, शाळा, खानावळ, दारूची भट्टी होती. यांपैकी काहीही चित्रात नाही. त्याऐवजी रेल्वेने ज्यांना हुसकावले ते लोक चित्रात अबाधितपणे प्रवास करतात. यलोस्टोनच्या बाबतीत उलट घडले. शोशोनी जमातीची एक शाखा, डोंगरी मेंढ्यांची शिकार करणारी, तेथे राहत होती. उद्यान झाल्यावर काही वर्षांतच तिला बाहेर काढण्यात आले आणि हा प्रदेश पूर्वीपासून निर्मनुष्य होता, असा समज पसरविण्यात आला. १८७७ मध्ये सैन्याच्या पाठलागापासून निसटणारे नेझ पर्स लोक याच उद्यानातून गेले.

याचा दोष एकट्या चित्रकाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्यांचे ग्राहक पूर्वेकडील शहरांत राहत आणि त्यांना धूर, रूळ नको होते. ते त्यांच्या खिडकीबाहेर होतेच. तरीही चरित्रकाराने हे सांगितले पाहिजे, कारण मोरॅन यांची चित्रे पुढील पिढ्यांनी कल्पना म्हणून नव्हे, नोंद म्हणून पाहिली.

मेरी

मेरी निम्मो यांना नवऱ्याने चित्रकला शिकविली, असे लिहिले जाते. ते खरे आहे, पण अपुरे. १८७१ मध्ये टॉमस डोंगरात असताना मुलांची जबाबदारी त्यांच्यावर होती. पुढच्या वर्षी त्या योसेमिटीपर्यंत त्यांच्यासोबत गेल्या. १८७९ मध्ये पुन्हा पश्चिमेकडे निघताना टॉमस यांनी त्यांच्यासाठी धातूचे काही पत्रे एचिंगसाठी तयार करून ठेवले. मेरी ते घेऊन उघड्यावर बसल्या आणि समोरचा देखावा थेट पत्र्यावर रेखाटू लागल्या. दोनच वर्षांत, १८८१ मध्ये, लंडनच्या एचिंग-चित्रकारांच्या संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. त्या सभासदांत त्या एकट्या स्त्री होत्या. त्यांची रेषा नवऱ्याच्या रेषेपेक्षा धीट आहे. विषय लहान : ईस्ट हॅम्प्टनच्या घराजवळील तळे, वाकलेले वृक्ष, वारा. पर्वत नाहीत, पण त्यांची उणीवही भासत नाही. १८९९ मध्ये मुलगी रूथ हिची विषमज्वरात शुश्रूषा करताना त्यांना तोच आजार जडला आणि त्यातच त्यांचे निधन झाले. रूथ वाचली आणि वडिलांच्या अखेरीपर्यंत त्यांच्याजवळ राहिली.

उत्तरायुष्य

टॉमस दीर्घायुषी ठरले. व्हेनिसची चित्रे त्यांनी विपुल काढली आणि ती विकलीही गेली. त्यांविषयी येथे अधिक सांगण्याचे कारण नाही. १८९२ मध्ये जॅक्सन यांच्यासोबत त्यांनी महाघळई आणि यलोस्टोन पुन्हा पाहिले. सँटा फे रेल्वेने त्यांच्या घळईच्या चित्राच्या रंगीत प्रती छापून हॉटेलांत आणि कार्यालयांत लावल्या. उतारवयात ते अनेक हिवाळे घळईच्या काठी घालवीत. पांढरी दाढी असलेला हा वृद्ध चित्रकार काठावर बसलेला पाहणे, हे प्रवाशांच्या दृष्टीने तेथील आकर्षण झाले होते. दरम्यान कलाजगत बदलले. पॅरिसहून आलेल्या नव्या प्रवाहांपुढे त्यांची भव्य रचना जुनाट वाटू लागली.

त्यांच्या चित्रांना बाजारात भाव असल्याने बनावट चित्रेही निघू लागली. त्यावर उपाय म्हणून ते स्वाक्षरीबरोबर चित्रावर आपल्या अंगठ्याचा ठसा उमटवू लागले. स्वाक्षरीत त्यांनी टॉमस आणि मोरॅन यांच्या आद्याक्षरांच्या मध्ये यलोस्टोनचे आद्याक्षर यापूर्वीच गुंफले होते. वायोमिंगमधील टीटॉन रांगेतील एका शिखराला हेडन यांच्या सर्वेक्षणाने १८७२ मध्ये त्यांचे नाव दिले. मोरॅन यांना ती रांग दिसली १८७९ मध्ये, पलीकडच्या, आयडाहोच्या बाजूने, दुरून.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी कॅलिफोर्नियात सँटा बार्बरा येथे काढली. ऑगस्ट १८२६ मध्ये नव्हे, तर त्यानंतर बरोबर एका शतकाने, ऑगस्ट १९२६ मध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांचे तेथे निधन झाले. काँग्रेसने घेतलेली दोन्ही चित्रे आज वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन संस्थेच्या कलासंग्रहालयाच्या ताब्यात आहेत.